पापा जस्टिनच्या रेकॉर्डवर माझा भाऊ

मी मोहन्याहून निघालो त्या संध्याकाळी शेजारच्या आळीत हळद होती. माझ्या बॅगा गाडीत चढत होत्या, आई दह्याची वाटी घेऊन उभी होती, आणि मला निरोप द्यायला जमलेली माणसं एकेक करून मांडवाकडे सटकत होती. तिथे माझा धाकटा भाऊ नरेश बेंजो वाजवत होता. आफ्रिकेत नोकरी लागलेला आळीतला पहिला मुलगा मी, पण गाडी सुटली तेव्हा हात हलवायला उरले आई, बाबा आणि एक आत्या, तीही गुडघे दुखत होते म्हणून. बाबा म्हणाले, "कशाला मनावर घेतोस? तो वाजवतो, तू कमावणार." मी मनावर घेतलं. अजून घेतो.

मोहन्यात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं घर सोडून दुबई-मस्कतला गेलेल्यांनो, हे मुद्दाम लिहितोय. गेला महिनाभर तुम्ही मला नरेशबद्दल अभिनंदनाचे मेसेज पाठवताय. आधी झालं काय ते ऐका.

काँगोच्या राजधानीत, किन्शासात, मी औषधांचं गोदाम सांभाळतो. फ्रेंच कामापुरतं येतं, इथली लिंगाला भाषा बाजारापुरती. इथे पानात गुंडाळून उकडलेला कसावा कंद मिळतो, त्याला क्वांगा म्हणतात. दिसायला आईच्या पातोळ्यांसारखा, म्हणून पहिल्यांदा हावरटासारखा घेतला आणि घशाखाली उतरेना. आता रोज खातो. पण माझं मन लागलं ते गोदामामागच्या एका अंगणात. तिथे पापा जस्टिन राहतात. वडीलधाऱ्या माणसाला इथे पापाच म्हणतात, आणि बाईला मामा.

पापा रुंबाचे, म्हणजे इथल्या नाचाच्या गाण्यांचे, गिटारवाले. लहानपणी त्यांनी फळीला तारा ठोकून पहिली गिटार केली. मग एका मोठ्या ऑर्केस्ट्रात शिरले, नैरोबी, अबिजान करत पॅरिसला पोचले. तिथे बड्या गायकांच्या रेकॉर्डवर वर्षानुवर्षं वाजवलं, आणि कित्येक कव्हरांवर त्यांचं नावच नाही. एका क्यूबन ट्रम्पेटवाल्याबरोबर केलेली रेकॉर्ड तेवढी ते पाहुण्यांना दाखवतात. म्हातारपणी परत आले ते स्वतःच्या नावाची एक रेकॉर्ड करायची म्हणून.

रुंबा सुरू होतो संथ, प्रेमाच्या कुरबुरी करत. मग गायक गप्प होतात आणि गिटारी धावत सुटतात. त्याला सेबेन म्हणतात. एकच तुकडा पुन्हा पुन्हा, नाचणारे दमेपर्यंत. चार वर्षं दर रविवारी मी तो शिकलो. बोटांना घट्टे पडले. त्या रेकॉर्डवर एका गाण्यात, अगदी मागे का होईना, मी वाजवावं एवढंच मला हवं होतं. एक गोष्ट तरी नरेशला न जमणारी, फक्त माझी.

एका रविवारी शिकवणी चालू असताना आईचा व्हिडिओ कॉल आला. इथली दुपार, तिकडे हळदीची संध्याकाळ. "बघ, बघ, आपला नऱ्या," आई ओरडत होती. नरेशची नजर बेंजोवर नव्हतीच. नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत तो एकच तुकडा घोळवत होता, कोणी थकलं की हळू, कोणी उसळलं की वर. दारात तळलेले मासे विकणाऱ्या मामा ओडेटने झारा खाली ठेवला आणि तिचे खांदे हलू लागले. माझ्या चार वर्षांत ती एकदाही जागची उठली नव्हती. पापांनी गिटार घेतली, सूर शोधला आणि फोनबरोबर वाजवायला लागले.

"हा कोण?"

"धाकटा भाऊ."

"आणि चार वर्षांत तू मला सांगितलं नाहीस?"

तो तुकडा त्यांना रेकॉर्डवर हवा होता. नरेशला विचार, म्हणाले. मी विचारलं नाही. लग्नसराई आहे, तो अडकलाय, असं तीन आठवडे खोटं बोललो. तेवढ्या वेळात आईने पाठवलेला व्हिडिओ ऐकून तोच तुकडा गिटारवर बसवला, नरेशऐवजी माझाच घ्यावा म्हणून रेकॉर्ड केला आणि पापांना ऐकवला. लाज वाटते सांगायला, पण केलं. पापांनी शेवटपर्यंत ऐकलं. "बरोबर वाजवलंस," म्हणाले. एवढंच. मामा ओडेट मासे उलटत होती.

मग मी नरेशला फोन करून सगळं सांगितलं. तो चिडेल, मला शिव्या घालेल, म्हणजे निदान फिटंफाट होईल असं वाटलं होतं.

"दादा, तुला वाजवायचं होतं का रे?"

"हो."

"मग बोलायचं ना यार. मी शिकवलं असतं तुला."

धाकट्या भावाने इतकं प्रेमाने बोलू नये. त्या दिवशी मी जेवलो नाही.

नरेशने डोंबिवलीच्या एका छोट्या स्टुडिओत एका दमात वाजवून पाठवलं. पापांची रेकॉर्ड आली. कव्हरवर मोठ्या अक्षरांत पापांचं नाव, खाली 'नरेश, मोहने'. ज्याचं स्वतःचं नाव गिळलं गेलं होतं त्या माणसाने माझ्या भावाचं नाव विसरू दिलं नाही. स्पेलिंग मलाच विचारलं होतं. मी बरोबर लिहून दिलं.

आता मोहन्यात हळदीला ते गाणं वाजतं. आई फोन उंच धरते आणि म्हणते, "ऐक, तुझ्या तिकडचं गाणं लागलंय." इथे अंगणात ते लागलं की मामा ओडेट मला हाक मारते, "ये लवकर, तुझ्या घरचं गाणं." तुम्ही विचारता ना, आता घर कुठलं वाटतं म्हणून? दोन्हीकडची माणसं मला माझं घर ऐकायला बोलावतात, आणि दोन्हीकडे वाजवत असतो नरेश.