पडवळाला बांधलेला दगड

ज्यांना लिहिता येते त्यांनी लिहावे आणि इतरांनी निमूटपणे वाचावे, असे मी आजवर मानीत आले. मुलींच्या शाळेत दुसऱ्यांचे निबंध तपासण्यात माझी उमेदीची वर्षे सरली. आता या वयात स्वतःचे काही मांडू पाहणे मलाच अशोभनीय वाटते. वाचकांनी प्रारंभीच क्षमा करावी. ही हकीकत ठाऊक असलेली मी एकटीच उरले आहे, याहून दुसरे समर्थन माझ्यापाशी नाही.

माझे वडील रत्नागिरीतल्या एका शाळेत शास्त्र शिकवीत. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. मला भाऊ एकच, माझ्याहून मोठा. कचेरीत बसून कागद खरडणे त्याच्या प्रकृतीत नव्हते. झाडाझुडपांची त्याला विलक्षण ओढ; पानाच्या नुसत्या वासावरून तो झाड सांगे. मॅट्रिक झाल्यावर जंगलखात्याच्या निवडीसाठी तो मुंबईला गेला आणि आगबोटीने परत आला तो उतरलेल्या चेहऱ्याने.

"बाकी सगळं ठीक होतं," तो म्हणाला, "उंची दोन बोटं कमी भरली. पुढल्या वर्षी पुन्हा या म्हणाले."

"उंची काय पुढल्या वर्षीच्या बोटीनं यायची आहे?" आई म्हणाली.

आम्ही हसलो. अण्णा हसले नाहीत.

पुढे श्रावण लागला. परसातल्या मांडवावर पडवळे लोंबत होती. आमच्याकडे कोवळे पडवळ वेटोळे घेऊ लागले की त्याच्या शेंड्याला सुतळीने लहानसा दगड बांधतात. त्या ओढीने ते सरळ आणि लांब वाढते. ते दगड आईच बांधी. एका सकाळी अण्णा त्या मांडवाखाली कितीतरी वेळ उभे राहिलेले मी पाहिले. दुपारी जेवताना त्यांनी आपला सिद्धान्त मांडला. माणसाच्या मणक्यांमध्ये मऊ कूर्चा असते. तिला सतत खालून ओढ दिली तर ती वाढलीच पाहिजे.

"अहो, पडवळाला कणा नसतो," आई म्हणाली.

"तुला शास्त्र कळत नाही."

"मला पडवळ कळतं."

परंतु भावाचा चेहरा उजळला होता, आणि तो पाहून आई भात वाढू लागली.

ओटीवरच्या झोपाळ्याची फळी काढून भिंतीला टेकून ठेवण्यात आली. वर तुळईच्या दोन्ही पितळी कड्यांत एक सागवानी दांडा अडकवला. चांभाराकडून चामड्याचे पट्टे शिवून आणले; ते घोट्यांभोवती बकलांनी आवळायचे आणि त्यांना जांभ्या दगडाचे दोन चिरे लटकवायचे. भावाने स्टुलावर चढून दांडा धरायचा, अण्णांनी स्टूल काढून घ्यायचे. उतरायचे तर अण्णांनी ते पुन्हा पायांखाली सरकवायचे. त्याला आपले आपण खाली येण्याची सोय त्या रचनेत नव्हती. हे अण्णांच्या ध्यानात आले नसेल असे नाही. मनात येईल तेव्हा सुटता आले, तर व्यायाम पुरा होत नाही, असे ते म्हणत.

पहिल्याच आठवड्यात त्याचे तळवे सोलवटले. मग पट्ट्यांनी घोट्यांवरची कातडी गेली आणि तिथे पाणी धरले. उजवा खांदा असा दुखू लागला की भाताचा घास त्याला डाव्या हाताने उचलावा लागे. आई खोबरेल लावताना पुटपुटत असे. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ कुंपणावरून हाक मारीत, "काय मास्तर, कितपत लांबलं पडवळ?" लोंबकळून झाल्यावर लगेच अण्णा भावाला खांबाशी उभे करून मापीत, आणि खरोखर किंचित वाढ दिसे. संध्याकाळपर्यंत ती नाहीशी होते, हे मापायला मात्र कोणी थांबत नसे.

एकदा मी भावाला म्हटले, "दुखतंय तर सांग ना त्यांना."

"सांगेन गो," तो म्हणाला, "पण त्यांनी एकदा विचारू दे. आपणहून, 'दुखतंय का रे?' एवढंच. मग मी लगेच थांबेन."

अण्णांनी विचारले नाही. दिवाळीनंतर त्यांनी चिरे बदलून मोठे आणवले.

ज्या सकाळी ते घडले, त्या सकाळी मी माजघरात ताक घुसळीत होते. स्टूल सरकवल्याचा ओळखीचा आवाज आला आणि पाठोपाठ दुसराच एक आवाज, जो मला आजही नीट सांगता येत नाही. धावत गेले तो दांडा एका बाजूने खाली आला होता. वर्षानुवर्षांच्या हेलकाव्यांनी पितळी कडी आतल्या अंगाने झिजली होती. बाहेरून तिला आई नित्य चिंचेने घासून लख्ख ठेवी. पाय चिऱ्यांना जखडलेले, त्यामुळे भावाला तोल सावरता आला नाही. भिंतीशी टेकवलेल्या झोपाळ्याच्या फळीच्या धारेवर तो पाठीने आदळला होता. अण्णा हातात स्टूल धरून उभे होते. आईने बकले सोडवली. तिला ती नीट सुटेनात, म्हणून तिने कोयता आणून पट्टे कापले.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्याला कित्येक महिने फळीवर निजवून ठेवले. तो उठला तेव्हा कमरेपासून वाकलेला होता, आणि तसाच राहिला. जंगलखात्याचे नाव पुन्हा घरात निघाले नाही. ओटीवर बसून तो शाळकरी मुलांची गणिते घेई. सायंकाळी मी त्याला मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला नेत असे. समुद्राकडे पाहायचे तर त्याला वाळूत बसून, हात मागे टेकून, मान वर करावी लागे. पुढे पुढे तो म्हणाला, "नको, घरीच बसू. वाळू काय, अंगणातही दिसते." त्याला लग्नाचे कोणी विचारलेच नाही.

पाचसहा वर्षांनी अण्णा अंथरुणाला खिळले. त्यांचे सगळे भावानेच केले. वाकलेला असल्यामुळे त्याला त्यांच्यावर ओणवावे लागत नसे, असे तो थट्टेने म्हणे. एका दुपारी तो त्यांना पेज भरवीत असताना अण्णा एकाएकी स्पष्ट बोलले. मी पायथ्याशी होते.

"कडी पितळेची होती, तिथंच चुकलं. लोखंडी घालायला हवी होती. आज तू रेंजर असतास."

भावाचा चमचा थांबला. मला वाटले, आता तरी हा बोलेल.

"होय अण्णा," तो म्हणाला, "कडीच वाईट निघाली."

अण्णांना बरे वाटलेले दिसले. त्यांनी पेज संपवली. चार दिवसांनी ते गेले.

मी त्या दुपारी मागल्या पडवीत भावाला गाठून रागाने विचारले होते, "असं का म्हणालास?"

"मग काय म्हणू? त्यांच्या छातीवर चिरा ठेवू?" तो म्हणाला, आणि भांडे विसळू लागला.

त्यानंतर तो फार वर्षे जगला नाही. त्याने विषय काढला नाही आणि मलाही तो काढवला नाही. हे लिहितानाही माझा निर्णय होत नाही, म्हणून संकोच सोडून विचारते: माझ्या भावाने त्या दुपारी अण्णांना खरे काय ते सांगायला हवे होते का?