थांबा मास्तर

दुकानात समोरासमोर सगळे त्यांना मास्तर म्हणत आणि पाठीमागे ‘थांबा मास्तर’. कापड बेतायचं काम त्यांचं. टेबलावर कापड पसरायचं, खडूने रेघा मारायच्या, कात्री उचलायची आणि म्हणायचं, “थांबा जरा.” मग रेघ पुसायची, पुन्हा मापायचं. शिलाई मशीनवरचे दोघं कारागीर तोवर हात बांधून बसलेले.

पूर्वी असं नव्हतं. एकदा निवृत्त होणाऱ्या एका शिक्षकांचा कोट त्यांनी पाठीत तीन बोटं आखूड कापला. तसलं कापड पुन्हा मिळालं नाही. शिक्षक जुनाच कोट घालून निरोप समारंभाला गेले. तेव्हापासून मास्तरांना कात्री जड झाली.

हे दुखणं दुकानापुरतं राहिलं नाही. मुलीने नर्सिंगच्या कोर्सचा फॉर्म आणला. बाहेरगावी राहावं लागणार होतं.

“ठेव, बघतो,” मास्तर म्हणाले.

रोज ड्रॉवर उघडून ते फॉर्म बघत. पाठवावं तर पोरगी एकटी, न पाठवावं तर तिचं नुकसान. तीन आठवड्यांनी सही करायला पेन हातात घेतलं, तेव्हा मुदत आदल्याच दिवशी संपली होती. मुलगी रडली नाही की भांडली नाही. औषधांच्या दुकानात कामाला लागली.

हळूहळू मास्तरांच्या लक्षात आलं, घरात आपल्याला कुणी काही विचारत नाही. गळका नळ बदलला, भिंतींना रंग लागला, पलंग खिडकीपासून सरकला. सगळं झाल्यावर कळायचं. काही बोलायला जावं तर बायको म्हणे, “तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता?” ती मायेनेच म्हणायची. त्यांना मात्र स्वतःच्याच घरात कोंडून ठेवल्यासारखं वाटे.

पुढच्या वर्षी फॉर्मचे दिवस आले. ड्रॉवरात काही दिसेना, म्हणून त्यांनी मुलीला विचारलं.

“आईची सही घेतली, बाबा. भरूनही झाला.”

त्या दिवशी दुकानात त्यांनी एकदाच मापलं आणि कात्री चालवली. दुपारी कळलं, शर्टाची बाही बोटभर आखूड. त्यांनी उरलेले कापडाचे तुकडे चाळले. शेवटी कफ रुंद लावला. गिऱ्हाइकाने आरशात पाहिलं आणि म्हणाला, “छान बसलाय.”

असं रोज जमलं नाही. तोंडातून “थांबा” निघायचंच. पण दुसऱ्यांदा मापून झालं की टेप खुंटीला अडकवायचा, एवढं त्यांनी ठरवून टाकलं.

मुलीला प्रवेश मिळाला. मोबाइलवर तिकीट काढताना तिने विचारलं, “आई, सकाळची बस की दुपारची?”

आई आत भांडी घासत होती.

“सकाळची,” मास्तर म्हणाले.

मुलीने वळून पाहिलं. “नक्की, बाबा?”

“नक्की. मी येतो सोडायला.”

दुपारची बरी पडली असती का, हा विचार पुढच्याच मिनिटाला आला. तोवर तिकीट निघालं होतं.