उजव्या हाताची खूण

रविवार, ८ मार्च. सकाळी दहालाच पत्रा तापलेला, वारा अजिबात नाही. रोजनिशीत एवढंच आहे, आणि खाली दोन खोडलेले शब्द. पुढचं तोंडी सांगतो. हसा, पण पूर्ण ऐकून मग हसा!

माझी पुतणी अश्विनी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिचा प्रोजेक्ट असा : डोक्यावर तारांची टोपी घालायची, हात नुसता मनात हलवायचा आणि टेबलावरची खेळण्यातली गाडी त्या बाजूला वळली पाहिजे. ज्यांचे हातपाय चालत नाहीत, त्यांच्या खुर्चीसाठी हो. बुधवारी परीक्षा आणि पोरीला डोकं मिळेना. मी म्हटलं, माझं घे!

"काका, डोक्यातून नुसता कालवा येतो. त्यातली कामाची खूण तेवढी मशीन निवडून काढतं. मटकीतले खडे निवडतो तसं."

"खडेच निघतील गं!" ही स्वयंपाकघरातून.

मी लक्षच दिलं नाही. 'उजवा' म्हटलं की सगळा जोर लावून मनातल्या मनात मूठ आवळायची, 'डावा' म्हटलं की हळूच. तासभरात मशीन शिकलं. मग गाडी जोडली. चाळीसपैकी चाळीस बरोबर!

"काका, एवढी ठळक खूण आमच्या सरांनीपण बघितली नसेल!"

झालं! लगेच तिच्या बापाला फोन : "पोरीला डोकं घरातलंच लाभलं!" रोजनिशीत लिहिलं, 'मेंदू असामान्य.' कुणी सांगितलं होतं?

टोपी न काढताच जेवायला बसलो. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. पहिला घास, कडाम्! गाडी उजवीकडे. दुसरा घास, पुन्हा उजवीकडे. तिसऱ्याला गाडी टेबलावरून खाली!

अश्विनी पडद्याकडे बघतच राहिली. "काका, 'उजवा' म्हटलं की तुम्ही दात आवळता?"

"मग? जोर कसा लावायचा?"

"अहो, मशीननं दातांची खूण धरलीय! मेंदूची नाहीच!" पोरीच्या डोळ्यांत पाणी. परीक्षेला तीन दिवस उरलेले.

ही हात पुसत बाहेर आली. "रडू नगं बाई. आण ती टोपी हिकडं. एवढी वर्षं ह्यांच्यासंगं काढली, कधी दात-ओठ खाल्ले न्हाईत मी!"

संध्याकाळी मशीनला पहिल्यापासून शिकवलं. जबडा सैल सोडून आम्ही दोघंही चाळीस-चाळीस वेळा बसलो.

माझी गाडी एकोणीस वेळा बरोबर वळली. हिची चौतीस वेळा. बुधवारी परीक्षेला ही गेली. अश्विनी पास झाली.