कुत्रीच्या पंजातलं कुसळ

जव्हारला महाराजांचं राज्य होतं, तेव्हा आम्ही खोडाळ्याला राहत होतो. घरमालक, म्हणजे आमचे हे, शाळेत मास्तर, घरात मी आणि सासूबाई. भातं कापून झाली की घरामागचा माळ वाळू लागे आणि माझं डोकं फिरू लागे. त्या माळावर कमरेएवढं कुसळी गवत होतं. वाळलं की त्याची कुसळं सुटत, लुगड्यात आणि घोंगडीत घुसत. आपल्याला टोचलं तर आपण उपटून टाकतो. कुत्र्याने काय करावं?

आमची तांबडी कुत्री दिवसभर त्याच माळावर असायची. कोल्हा तिकडूनच यायचा आणि अंगणातल्या कोंबड्या तिच्याच भरवशावर होत्या. एका सकाळी ती पुढचा पाय उचलून आली आणि उंबऱ्याशी बसून बोटांच्या बेचक्यात चाटत राहिली. मी पंजा धरून पाहिला. बेचक्यात लाल फोड आला होता.

"काटा असेल," घरमालक म्हणाले. "चाटून चाटून बरं होईल."

"मुरगळला असंल पाय," सासूबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, कुसळ आहे. कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

फोड फुटला, पू गेला, ती पळायला लागली. घरमालकांनी "बघ, मी म्हटलं होतं" असा चेहरा केला. पण भोक बुजलं आणि पुन्हा सुजलं, या वेळी जरा वर. कुसळाला बारीक उलटी लव असते, त्यामुळे ते पुढे सरकतं, मागे येत नाही. चाटून ते बाहेर कसं येणार?

महाराजांची घोडी तपासायला जव्हारहून साळोत्री, म्हणजे घोड्यांचा वैद्य आला होता. मी घरमालकांना त्याच्याकडे पाठवलं. ते हात हलवत परत आले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मास्तर, गावात कुत्री काय थोडी आहेत?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नाचणीच्या पिठाचं गरम पोटीस मीच बांधलं. ते तिने दातांनी सोडलं आणि खाऊन टाकलं. पुन्हा बांधलं, पुन्हा खाल्लं. शेवटी घरमालकांनी तिचं तोंड फडक्याने बांधून धरलं, सासूबाई मागच्या पायांवर बसल्या आणि मी काटे काढायच्या चिमट्याने त्या भोकात चाचपलं. ती जिवाच्या आकांताने ओरडत होती. टोकाला काहीतरी लागलं. ओढलं तर पुवाने भिजलेलं, काळपट कुसळ. ते अर्धंच होतं. उरलेलं आतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी विळा घेतला आणि घरामागचं गवत कापायला लागले. माळाचं गवत घोड्यांना चारा पुरवणाऱ्या ठेकेदाराचं, त्याला हात लावायची आम्हाला बंदी होती. दुपारी त्याचा मुकादम आला.

"बाई, ठेक्याचं गवत आहे हे. कुणाला विचारून कापताय?"

"तुमची माणसं कधी येणार ते सांगा. मी थांबते."

"येतील. साखरशेतकडचं आटोपलं की येतील."

"मागच्या बाजारालाही हेच म्हणाला होतात. तोवर सगळं पिकून गळून गेलं. आता हे तुमच्या घोड्यांच्या तरी कामाचं आहे का?"

तो घरमालकांकडे वळला. "मास्तर, तुम्ही सांगा यांना."

घरमालक नुसते खाकरले. मी कापत राहिले. मुकादमाने कापलेले भारे तेवढे उचलून नेले.

कुत्रीचा पाय पार कोपरापर्यंत सुजला, थंडी संपता संपता फुटला, आणि उरलेलं कुसळ गेलं की विरलं, देव जाणे. ती जगली, पण तो पाय आखडला तो आखडलाच. पुढच्या वर्षी मी गवत हिरवं असतानाच अंगणापासून हाकेच्या अंतरापर्यंत कापून टाकलं. कुत्री ते ओलांडून थेट पलीकडच्या दाट गवतात जाऊन बसली आणि कानात कुसळ घेऊन आली. डोकं झटकत, तिरकी मान करून अंगणात गोल फिरत होती. कानात कोमट तेल सोडून तेही काढलं. त्या कानाने तिला पुढे ऐकू आलं नसावं.

पुढे कुसळांच्या दिवसांत रोज संध्याकाळी मी तिचे पंजे आणि कान तपासायला बसत असे. मी हाक मारली की ती भाताच्या कणगीमागे शिरायची. सासूबाईंनी बोलावलं तर शेपटी हलवत यायची. मला बघून मात्र दात दाखवायची. मग मीही तिला चार शिव्या घालून, कान धरून बाहेर ओढायची.