आईच्या आंब्याचं कलम

दिग्रसला रस्ता रुंद करायचा म्हणून आईच्या दारातला आंबा तोडायचं ठरलं. मी झाडाच्या काही काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून बसनं दारव्ह्याला, माझ्या घरी आणल्या. परसातल्या गावरान आंब्याच्या रोपांचे शेंडे छाटून नवऱ्यानं त्यांवर कलमं बांधली. एक सोडून सगळी वाळली. त्या एकाला तांबूस पालवी फुटली, तेव्हा मी आईला बोलावून घेतलं.

तिनं जोडावरून हळूच बोट फिरवलं. "जमलं म्हणायचं दोघायचं," ती म्हणाली.

मग ती पावसाळाभर राहिली. जोडाच्या खाली गावरान फुटवा दिसला की लगेच खुडायची.

"काहून तोडतं?" मी विचारलं.

"याले वाढू देलं, तं आपला आंबा उपाशी राहीन."