पानामावशीचे खिसे

खांद्यावरच्या पिशवीत कायम पाने आणि नटबोल्ट खुळखुळायचे, म्हणून तिचं नाव पडलं पानामावशी. एका छोट्या संस्थेतर्फे ती हापसे दुरुस्त करायची. खरं तर तिला नेमलं होतं डोंगरातल्या आदिवासी वस्त्यांवरच्या बायकांना दुरुस्ती शिकवायला. पण मावशीला धीर म्हणून नव्हता. समोरची बाई जरा चाचपडली की हिचे हात शिवशिवलेच. "सरक, मी करते!" म्हणायचं आणि हापसा चालू करून मोकळं व्हायचं. बायका खूश, मावशी त्याहून खूश. ती आली की वस्तीला माहेरचं माणूस आल्यासारखं वाटायचं, आणि त्याची तिला चटक लागली होती.

आता गुडघ्यांनी संप पुकारला. यापुढे डोंगर चढायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. खालच्या वस्त्या कशाबशा शिकल्या होत्या. सगळ्यात वरची मात्र कोरीच राहिली होती. नेमका तिथलाच हापसा बंद पडल्याचा निरोप आला, तेव्हा एकदाच वर जाऊन यायचं तिने ठरवलं. तिथे दुसरं पाणी म्हणजे दरीतला झरा. ही शेवटची फेरीही 'सरक, मी करते' मध्ये गेली, तर पुढच्या बिघाडाला बायकांच्या डोक्यावर दरीतले हंडे येणार आणि ते पाप आपल्या माथी, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं.

"हात शिवून देऊ का तुझे?" नवऱ्याने मशीनवरची मान न उचलता विचारलं. तो शिंपी.

"थट्टा सुचतेय तुम्हाला!"

"थट्टा कसली? तुझ्या तोंडाला मी आवरू शकलो नाही, निदान हातांचं बघतो."

त्याने तिच्या जुन्या जाकिटाला चांगले खोल दोन खिसे लावले. पाणी येईपर्यंत हात बाहेर काढायचे नाहीत, अशी अट घातली.

वर पोचल्यावर मावशीने ही अट सांगितली तेव्हा बायका हसून हसून बेजार झाल्या. थोरली, म्हणजे साऱ्या वस्तीची मोठी जाऊबाई, तोंडाने फटकळ. "म्हणजे आज मावशी पाहुणी! बसा त्या दगडावर," ती म्हणाली, आणि पाने वाटून टाकले.

मावशीचं बघून बघून बायकांना क्रम पाठ होता, हात मात्र कधी लावला नव्हता. दांडा सुटला, सळ्या वर आल्या, मग पाइपांची पाळी. खरी मेख इथेच होती. वरचा पाइप सोडवताना खालचे सगळे पाइप क्लॅम्पने आवळून धरावे लागतात. पकड ढिली असली तर ते सटकून बोअरच्या तळाशी जातात, आणि हापसा कायमचा संपतो. थोरलीच्या धाकट्या जावेने क्लॅम्प लावला. मावशीला दगडावरून दिसलं, एक नट अर्धवटच आवळलाय.

तोंड उघडलं की मागोमाग हात जाणार, हे ती ओळखून होती. थोरलीने पाइपाला पाना लावला तर ओरडायचं, तोवर नाही, असं तिने ठरवलं. खिशात मुठी वळल्या. थोरलीने पाना उचलला. मावशी अर्धी उठली.

"मावशी, हात!" थोरली तिच्याकडे न बघताच म्हणाली. मग खाली वाकून तिने क्लॅम्प हलवून पाहिला आणि जावेवर डोळे वटारले. "झोपेत लावलास का गं? परत आवळ."

जाऊ चाचपडली. पाना नटावरून सटकला, पुन्हा सटकला. तरी थोरलीने तो तिच्या हातातून काढून घेतला नाही. नुसती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मावशीला ते चांगलंच झोंबलं. एवढी साधी गोष्ट तिला स्वतःला इतक्या वर्षांत जमली नव्हती.

झिजलेला वॉशर बदलला, सगळं परत खाली गेलं. हापसल्यावर आधी नुसती घरघर झाली, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी आलं. पहिला तांब्या मावशीला मिळाला. तिला मनापासून आनंद झाला आणि रडूही आलं. आता इथून निरोप येणार नव्हता.

घरी नवऱ्याने जाकीट उलटंपालटं करून पाहिलं. दोन्ही खिसे उसवले होते.

"काढलेस ना हात बाहेर? वाटलंच मला!"

"बाहेर नाही काढले. खाली दाबून धरले."

तो चष्मा लावून सुईत दोरा ओवायला बसला.

"राहू द्या," मावशी म्हणाली. "आता नाही लागायचे ते."