निरोपातून गळलेले जळगाव

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी साडेदहाला माझी थोरली बहीण अक्का धुळ्याच्या विमानतळावर अगदी वेळेवर पोहोचली. तिचे विमान जळगावहून सुटणार होते.

धुळ्याला धावपट्टी आहे. पुण्याचे प्रवासी विमान तिथून सुटत नाही. हे मला माहीत होते. शिंदखेड्याची अक्का मात्र आयुष्यात पहिल्यांदाच उडणार होती. संध्याकाळी पुण्यात आमच्या धाकट्या भावाच्या मुलीचे बारसे होते. नाव आत्याने ठेवायचे आणि आत्या एकच. तिने ठरवलेले नाव बाळाच्या बापालाही ठाऊक नव्हते.

तिकिटे मीच काढली. (जळगाव ते पुणे, हवेतून तासाभराचे अंतर. हे 'तासाभराचे' मी तिला इतक्यांदा ऐकवले, की 'जळगाव' तिच्या कानी उरलेच नसावे.) निरोपही मीच पाठवला: 'रविवारी साडेदहा, विमानतळ. ओळखपत्र विसरू नको.' वर्तमानपत्रात मी इतरांच्या बातम्यांतले जादा शब्द कापतो. 'जळगाव' मला जादा वाटला!

मी जळगावच्या विमानतळावर उभा होतो. फोन वाजला.

"आम्ही बठ्ठा आठेच शेतस. तू कोठे शे?"

"सगळे इथेच? मीही इथेच आहे, अक्का. दारापाशी."

"दारपाशी ते फक्त शेळ्या शेतस!"

मी वळून पाहिले. माझ्या दारापाशी एकही शेळी नव्हती.

"अक्का, तू धुळ्याला आहेस?"

"मंग? जवळनं विमानतळ सोडीसन दूर कोन जाई?"

तिला निरोप द्यायला दोन गाड्या भरून भाऊबंद आले होते. हार घालून झाला होता. मी घाईने सुचवले, "नाव फोनवर सांग. तिकडे कोणीतरी बाळाच्या कानात सांगेल."

"विमान चुको! फोनवर नाव सांगाव नई!"

तिचे यजमान नाना यांनी फोन घेतला. "गाडी फिरावस. विमानले थांबाले सांग."

मी काउंटरवरच्या मुलीला सांगितले. विमान कोणासाठी थांबत नाही, असे तिने नम्रपणे कळवले. तासाभराने तिनेच घोषणा केली: विमान उशिरा येत आहे. प्रवासी चिडले. एक म्हणाला, "पेपरवाल्यांनी लिहायला पाहिजे यावर!" मी टाळ्या वाजवल्या. (विमानांच्या उशिरावर मी आजवर लिहिलेला सर्व कडक मजकूर इथे परत घेतो.)

काउंटर बंद होण्याच्या बेतात होता, तेव्हा अक्का आली. गळ्यात हार, हातात भरिताच्या वांग्यांची पिशवी. मागे नाना.

"एक शब्द लिखाले तुना काय जात व्हतं रे?"

मी तिच्या हातची पिशवी घेतली. नानांकडे तिकीट नव्हते; चहाही न घेता ते परत निघाले. गडबडीत त्यांचे आभार राहिले. ते इथे मानतो. काउंटरवरच्या मुलीने अक्काला न मागता खिडकीची जागा दिली, तिचेही.

संध्याकाळी पाळण्याशी वाकून अक्काने नाव सांगितले: तापी. (बाळाच्या बापाने पाण्याचा घोट घेतला. नाव गुप्त का होते, ते सर्वांना कळले.)

मी लगेच घरच्या ग्रुपवर बातमी टाकली: 'बारसे सात वाजता आनंदात पार पडले. बाळाचे नाव तापी. नाव आत्याने ठेवले.'

शेजारच्या खुर्चीतून अक्काचे उत्तर ग्रुपवर आले: 'कोठे?'